दुसरा साक्षीदार

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या थोरल्या बहिणीचं, सुमनताईचं, हृदय थांबलं. चार मिनिटांनी ते पुन्हा सुरू झालं. दोन्ही वेळा केसपेपरवर आहेत.

गुरुवारी दुपारी ती नीट बोलू लागली. "अरे, मी वर छताशी होते. खाली सगळे माझ्याभोवती धावत होते."

"छताशी म्हणजे पंख्याच्या वर की खाली?"

"आला बातमीदार! मेले होते रे मी, मोजपट्टी नव्हती जवळ." ती हसली. मग हळूच म्हणाली, "दाराबाहेर तू काय करत होतास, ते सांगू?"

मी तिला हातानं थांबवलं. एकट्याच्या सांगण्यावर बातमी लावायची नाही, ही तीस वर्षांची सवय. "संध्याकाळी डॉक्टर येतील, त्यांच्यासमोर सांग. साक्षीदार हवा."

"तुला सांगायचं होतं," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

अशा अनुभवांच्या दोन्ही बाजू मी छापल्या आहेत. कुणी त्यांना आत्म्याचा पुरावा म्हणतं, कुणी प्राणवायू कमी पडलेल्या मेंदूचं स्वप्न. ताईचं सांगणं पुरावा म्हणून कदाचित टिकलं नसतं. ऐकलं असतं, तर माझ्यापाशी तरी राहिलं असतं.

डॉक्टर सहाला आले. ताई साडेपाचला गेली होती.

मंगळवारी त्या चार मिनिटांत मी बंद दाराबाहेर तिच्या चपला छातीशी धरून उभा होतो. व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं.