जावयाला वर पाठवू नका

दुष्काळात घोडेगावच्या बाजारात जनावरं मावत नव्हती आणि घेणारं कुणी नव्हतं. त्या गर्दीच्या कडेला आम्ही एसटीसाठी उभे होतो. यांना दक्षिणेत, समुद्रकाठी, रॉकेटचे भाग जोडायच्या कारखान्यात वेल्डरचं काम लागलेलं. मी सातवीत शाळा सोडलेली, शेजारच्या सोनईपलीकडं काही न बघितलेली. आई धरूनच चालली होती की माणसं चंद्रावर जाऊन आलीत तर आता जावयाचा नंबर. पदर सावरून यांना म्हणाली, "जावईबापू, वर जा म्हनले तर सरळ न्हाई म्हना. माजी पोर परमुलखात एकटी पडंल."

माझे चुलते हसले. "वैनी, चंद्रावर बी पानी न्हाई म्हनं. मग आपलं गाव काय वाईट हाय?" सगळे हसले, मीही. आईचा पदर मात्र सोडला नाही.

इथं क्वार्टरला नळ. गावाकडं तुम्ही सगळे दुष्काळी कामावर खडी फोडत होता, तेव्हा मी बादल्या भरून धुणं धूत होते. या नोकरीचे उपकार मी विसरणार नाही. पण रॉकेटच्या चाचणीच्या दिवशी भोंगा झाला की आम्ही बायका पोरांना घरात घ्यायचो अन् धोका टळल्याच्या दुसऱ्या भोंग्याची वाट बघायचो. शेजारच्या सरोजाम्माची तेलुगू मला कळत नसे. ती माझा हात घट्ट धरायची, ते कळायचं.

एका संकष्टीला दुपारी खिडक्या हादरल्या. धूर दिसला. दुसरा भोंगा झालाच नाही.

संध्याकाळी हे आले, धडधाकट. रॉकेटची टाकी फुटली होती, इजा कुणाला नव्हती. ताट पुढं केलं तर हे नुसते आपल्या हातांकडं बघत बसले. "फुटला त्यो सांधा माझा हुता का दुसऱ्याचा, अजून कळंना. आज आत कुनी न्हवतं. पर कवातरी आपलीच पोरं यात बसतील. गावाला जाऊ, खडी फोडू."

एवढ्या दिवसांची भित्री मी, पण म्हणाले, "बसंल त्याची बी आई असंल. तुमाला भ्या वाटतंय ना, मग सांधा तुमीच जोडा. ज्याला वाटत न्हाई, त्याच्या हातात नगं."

चंद्र दिसल्यावर मी उपास सोडला. यांनीही दोन घास खाल्ले.

गावाला परत कधी येणार, पत्रात विचारता. सणाला येईन. पण रोज संध्याकाळी हे चप्पल काढता काढता सांगतात, आजचे सांधे दोनदा बघितले. ते ऐकल्याशिवाय मला आता कुठंच घरी आल्यासारखं वाटत नाही.