कहव्याचा पेला

गाडी उम्म अल कुवैनच्या रस्त्याला लागली तेव्हापासून विभावरीचा जीव टांगणीला लागला होता. मांडीवर व्हायोलिनची पेटी, आणि बोटांचा पेटीच्या कडीशी उगाच चाळा.

"अगं, इतकी वर्षं वाजवतेयस. आता कसलं टेन्शन?" गाडी चालवणारा नवरा, शैलेंद्र, म्हणाला.

"उस्ताद येणारेत."

"येऊ देत की! खूश होतील, इन्शाल्ला."

"त्यांनी माझं हे वाजवणं कधी ऐकलेलंच नाहीये रे."

"आई, जस्ट टेल हिम इट्स फ्यूजन," मागच्या सीटवरून लेक शुभ्राने सल्ला दिला. इतकं सोपं असतं तर आणखी काय हवं होतं!

विभावरी दिवसभर दुबईत अल कुसैसच्या एका शिपिंग ऑफिसात कंटेनरची कागदपत्रं तपासते. वडील सांगलीला नाट्यसंगीताला व्हायोलिनची साथ करायचे. त्यांच्या ताना तिच्या बोटांत मुरलेल्या. लग्न होऊन इकडे आल्यावर ती अजमानला राहणाऱ्या यूनुस नावाच्या इराकी उस्तादांकडे अकरा वर्षं अरबी व्हायोलिन शिकली.

उस्तादांची शिस्त भलती कडक. शिकवणी चालू असताना त्यांच्या हातात कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, छोटा पेला असे. पाहुण्याने रिकामा पेला हलवला की 'आता पुरे' समजायचं, न हलवता पुढे धरला की 'आणखी वाढा', ही इकडची रीत. उस्ताद तीच शिकवणीतही वापरत. सूर घसरला की पेला हलला. खलास! अर्ध्या ओळीत असलात तरी गज खाली. एकदा विभावरीने पेला डाव्या हाताने घेतला, तर बेअदबी म्हणून तिला अशी झापली की बिचारी आठवडाभर तिकडे फिरकली नाही.

भांडण एका सुराचं होतं. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध एक अरबी सूर बसतो. त्यावर थेट उतरायचं, तर विभावरी सवयीने मींड घेत घरंगळत यायची. उस्ताद मोडक्या हिंदीत बजावत, "दरवाजे से आओ, खिडकी से नहीं!"

आणि तिला नाव मिळालं ते नेमकं खिडकीतून गेल्यामुळे. अरबी सुरावटीतून नाट्यसंगीताच्या तानेत शिरायचं आणि मींड घेत पुन्हा त्या मधल्या सुरावर यायचं, ही तिची करामत ऐकायला लोक पार अबू धाबीहून येत. सात वर्षं तिने ही गोष्ट उस्तादांपासून लपवली. खरं सांगायचं तर भरल्या सभागृहाच्या टाळ्यांपेक्षा बाईला त्या एका म्हाताऱ्याची पसंती हवी होती, आणि ती मागायची छाती होत नव्हती. गेल्या वर्षी अर्धांगाच्या झटक्याने उस्तादांची वाचा गेली, उजव्या हाताला कंप आला. उद्या त्यांचा मुलगा त्यांना कायमचा कॅनडाला नेणार होता. म्हणून तिने धीर करून त्यांना आजच्या कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं. आज नाही तर कधीच नाही.

कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या रांगेत उस्ताद बसले होते, उजव्या हातात पाहुण्यांना वाढलेल्या कहव्याचा पेला. विभावरीला हातातल्या गजाचंही भान नव्हतं, दिसत होता फक्त तो पेला. अरबी भाग निभावला. मग तिने तान घेतली, वडिलांची, सांगलीची, आणि त्या सुराकडे वळली.

पेला हलला.

कंपाने हलला असेल, हे तिला कळत होतं. पण अकरा वर्षांची सवय कळण्याला जुमानत नाही. गज अर्ध्या तानेत थांबला. कुणीतरी खोकलं. लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कहवा वाढणाऱ्यालाही वाटलं, झालं यांचं. तो पेला परत घ्यायला वाकला. उस्तादांनी दिला नाही. त्यांनी पेला डाव्या हातात घेतला. तो हात अगदी स्थिर होता. वाढणाऱ्याकडे ढुंकूनही न बघता त्यांनी तो रिकामा पेला सरळ विभावरीसमोर धरला.

तिला हुंदका आवरेना. तशीच तिने तान तुटली होती तिथून उचलली आणि खिडकीतून त्या सुरावर उतरली. उस्तादांचा डावा हात अजून पुढेच होता.