अंगणातली भेग

आमचं घर कोराडीच्या पलीकडं, कोळशाच्या खाणीच्या कडेले होतं. कोळशाच्या वरची सारी माती काढून आमच्या घरामागं टाकत. टाकता टाकता तिचा डोंगर झाला. धनी गेल्यावर मी रस्त्यावर गिट्टी फोडली, लेकरं वाढवली, हे मातीचं घर हातानं उभं केलं. रडाले वेळ नव्हता. पण अंगण असं लिपत होती का भाकर खाली ठेवून खावी.

एका पावसाळ्यात झड लागली अन् अंगणात भेग पडली. मी शेणमातीनं बुजवली. ते पुन्हा उघडली, मी पुन्हा बुजवली.

शेजारीण हासे. "काहून जीव जाळतं वं? माह्या घरीबी हाय. सासूच्या वेळची भेग हाय ते."

पोळ्याले नात आली. नागपुरात कॉलेजात दगडमातीचंच शिकते. शेजारणीची भेग जुनी हाय तं आपलीबी तशीच, असं म्हणत मी लिपाले बसली तं तिनं माहा हात धरला. "थांब, आजी." विळ्यानं भेगेच्या काठचा पोपडा उचलला. पाहतो तं काय, माही सारी लिपणं पोळीच्या पापुद्र्यावानी एकावर एक!

"हे लाल कशाचं?"

"तुह्या मायच्या लग्नाचं. मुरूम कालवला होता."

"अन् हे वरचं, भुसकटाचं?"

"गेल्या दिवाळीचं."

"खालचं जुनं, वरचं नवं. खडकबी असेच थरावर थर बसतात, आजी. आता पाह्य, भेगेनं लाल थर फाडला, दिवाळीचाबी फाडला. जुनी असती तं दिवाळीचं लिपण तिच्यावरून सलग गेलं असतं. हे याच पावसातली हाय. अंगण फुगूनबी राहिलं. मागचा डोंगर खालून रेटून राहिला."

मी मागं पाह्यलं. डोंगरावरच्या बाभळी आमच्याकडं कलल्या होत्या. रोज पाहत होती, पण मनावर घेतलं नव्हतं.

शेजारणीकडं गेली. "चाल वं, घर सोड. भेग नवी हाय, डोंगर सरकून राहिला."

"भेग पाहून घर सोडू? नातीच्या अंगात आलं का तुह्या?"

विळा घेतला अन् तिच्या सासूच्या भेगेचा काठ उचलला. दिवाळीचं लिपण तिच्याच हाताचं, बोटंबी तिचीच उमटलेली. मधून फाटलेलं.

ते खाली बसली. मग उठली अन् गल्लीभर ओरडत सुटली, "बायांनो, आपापल्या भेगा पाहा!"

आपलं लिपण कोणती बाई ओळखत नाही? दिवस मावळायच्या आत सारी गल्ली डोंगरापासून दूरच्या शाळेत आली. पोरं, म्हातारे, बकऱ्या, कोंबड्या, कोणाचा पाटा, कोणाचं जातं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी डोंगर सुटला. रेल्वे गेल्यावानी आवाज झाला. माहं घर, तिचं घर, सारं मातीखाली गेलं.

पण माणूस एकबी गेलं नाही. कोंबडंबी नाही! शाळेच्या ओसरीत आम्ही म्हाताऱ्या एकमेकीले धरून हासलो. असं हासणं मी जल्मात हासली नव्हती.

पुढं दूरच्या माळावर जागा भेटली. पहिल्याच दिवशी मी शेण कालवाले बसली. शेजारीण कमरेवर हात ठेवून उभी.

"हे तळचं लिपण वं," म्हणे, "लाल कर. लग्नासारखं."

मुरूम तिनंच आणला. टोपलंभर.