गासच्या केळीत चाळीस फुटी कंटेनर

आधी हातातला चहा संपवा, मग सांगतो. मागे एकदा हे सांगत होतो, तर आमच्या शेजाऱ्यांना असा ठसका लागला की त्यांची बायको अजून माझ्याशी धड बोलत नाही. स्वतःच्या हाताने स्वतःचा एवढा पोपट केलेला माणूस अख्ख्या वसई तालुक्यात दुसरा सापडायचा नाही, लावता पैज?

मोबाईलवर इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, तेव्हाची गोष्ट. कामणला स्टीलच्या भांड्यांच्या एका गोदामात मी माल रवाना करायचं काम बघायचो. आमच्या शेठना जर्मनीची पहिली ऑर्डर मिळाली. गिऱ्हाईक भलतंच संशयी! त्याने आधी एक यंत्र पाठवून दिलं. साबणाच्या वडीएवढं. कंटेनरच्या दारावर एक पेटी, त्या पेटीत हे ठेवायचं, की कंटेनर जाईल तिथे तिथे एक लाल ठिपका कॉम्प्युटरच्या नकाशावर सरकणार. इकडे आमच्या आणि तिकडे त्याच्या. ठिपका वाट सोडून गेला तर ऑर्डर रद्द. शेठनी मला केबिनमध्ये घेऊन सांगितलं, परब, हे नीट पार पडलं तर तू मॅनेजर, नाहीतर घरी बस.

नेमका दसरा आला. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे नवीन यंत्र येतं आणि दसऱ्याला त्याची पूजा होत नाही, असं कधी झालंय? आमच्या घरी मिक्सरलासुद्धा झेंडू वाहतात. मग साऱ्या जगाच्या व्यापाराचं रक्षण करणारं यंत्र तसंच कसं सोडायचं? घरी आणलं, चालू करून पाटावर ठेवलं. हिरवा दिवा लुकलुकायला लागला तशी बायकोने हात जोडले. म्हणाली, "अहो, जागृत दिसतंय." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते लाल फडक्यात बांधून माझ्या बॅगेत ठेवलं. ऑफिसात वाटायला खोबरं आणि खडीसाखर दिली, तीही तसल्याच लाल फडक्यात.

गोदामात मी कोणाला जवळ फिरकू दिलं नाही. पूजेची गाठ सोडायला मन होईना, म्हणून पुरचुंडी तशीच पेटीत ठेवली, सील मारलं, नारळ फोडला. ड्रायव्हर बबन कंटेनर घेऊन न्हावाशेवाला निघाला. संध्याकाळच्या बोटीवर माल चढला की मी मॅनेजर.

कॉम्प्युटरवर आमची ऑपरेटर जसिंता बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, सर, ठिपका कामणमध्येच आहे. हललाच नाही.

मी तडक बबनला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"अंजूरफाटा सोडला, साहेब."

"खोटं बोलू नकोस. तू कामणमध्ये आहेस."

"साहेब, गाडी मी चालवतोय. मी कुठे आहे ते मला कळणार की तुम्हाला?"

"मला! माझ्याकडे यंत्र आहे."

बोललो ते शब्दशः खरं होतं, पण तेव्हा कुठे माहीत होतं? मी ठरवून टाकलं की बबन फितूर आहे आणि कामणच्याच कुठल्यातरी गोदामात माल उतरवतोय. बंदरावरच्या आमच्या एजंटला कळवलं, बबन आलाच तर त्याला गेटवर अडवा. बॅग खांद्याला मारली आणि ऑफिसची जीप काढली.

फाटकाबाहेर पडलो, तोच जसिंताचा फोन. सर, ठिपका हलला! हायवेकडे निघाला! चोर घाबरला बघा, मी मनात म्हटलं. मी हायवेला, ठिपका हायवेला. मी माणिकपूरला, ठिपका माणिकपूरला. मी वडापाव घ्यायला थांबलो, तर तोही थांबला. काय निर्ढावलेला चोर! माणिकपूरला ओळखीचे एक हवालदार भेटले, त्यांना जीपमध्ये घातलं.

पुढे ताडपत्री टाकलेला एक टेम्पो चालला होता. मला त्याची चालच आवडली नाही. त्याच्या मागोमाग गास गावात पोचलो आणि एका केळीच्या वाडीत त्याला गाठलं. मागे लिहिलेलं नाव जसिंताला फोनवर वाचून दाखवलं. ती मग म्हणाली, सर, तो माझ्या पप्पांचा टेम्पो आहे.

म्हणजे टोळी! पोरगी आत, बाप बाहेर. मी हवालदारांना ताडपत्री काढायला लावली. खाली केळी. केळीच्या खाली केळी. जसिंता फोनवर रडवेली होऊन सांगत होती की ठिपका तिथेच आहे, अगदी तिथेच.

हवालदारांनी विचारलं, "कंटेनर केवढा आहे?"

"चाळीस फुटी."

त्यांनी वाडीभर नजर फिरवली. "मग झाडामागे लपला असेल."

जसिंताचे वडील, आंतोनकाका, भला माणूस. मी त्यांना चोर म्हटलं तरी मलाच म्हणाले, "पानी पी बाबा आधी." मला इतकी लाज वाटली की काय सांगू! सकाळपासून प्रसादही वाटला नव्हता. म्हटलं निदान यांचं तोंड गोड करू. बॅगेतून पुरचुंडी काढली. हवालदारांनी उजवा हात पुढे केला, काकांनीही केला. मी गाठ सोडली.

आत हळदीकुंकवाने माखलेलं यंत्र. हिरवा दिवा लुकलुकत होता.

हवालदारांनी वाकून पाहिलं. मग म्हणाले, "हे खायचं कसं?"

तेवढ्यात एजंटचा फोन. बबन गेटवर उभा, शिव्या घालतोय. पेटी उघडली तर आत खोबरं आणि खडीसाखर. आता चोर म्हणून धरायचं कोणाला? बबनला सोडा म्हणून मी अक्षरशः फोनच्या पाया पडलो. गाडी सुटली, बोट जेमतेम मिळाली.

दुसऱ्या दिवशी शेठसमोर मान खाली घालून उभा. जर्मनीवाल्याने विचारलं होतं, आपली भांडी केळीच्या बागेत काय करत होती? शेठनी त्याला कळवलं, यंत्राची चाचणी घेत होतो. तो खूश झाला म्हणे. मी हळूच विचारलं, पुढच्या कंटेनरला यंत्र मी स्वतः लावू?

"कंटेनरला कशाला?" शेठ म्हणाले. "बबन बरोबर पोचतो. ते तुझ्याच बॅगेत राहू दे."

मॅनेजर राहिलं बाजूलाच. तेव्हापासून रोज संध्याकाळी जसिंता नकाशा उघडून बघायची, आणि मी घरी पोचलो की शेठना कळवायची, "सर, माल सुखरूप पोचला."