टेकडीवरची कासिल्दा

माझी वहिनी कासिल्दा एका जागी म्हणून बसायची नाही. चुलीपाशी उभी, दारात उभी, देवळातसुद्धा खांबाला टेकून उभी. लोक म्हणायचे, बाईच्या पायाला भिंगरी आहे. मला तर तिच्याकडे नुसतं बघून दम लागायचा. पण ती टेकडीवाल्याची पोर होती, आणि आमच्या मार्गारिता बेटावर टेकडीवाल्याने बसायचं नसतं.

होडीतून मासळीचा थवा दिसत नाही, टेकडीवरून दिसतो. वरच्या माणसाने गवती टोपी डावीकडे हलवली की होडी डावीकडे, गोल फिरवली की रापण, म्हणजे मोठं जाळं, सोडायची. तो खाली बसला, तर मासळी गेली, निमूट परत फिरायचं. होडीतल्या कुणी वाद घालायचा नाही. बाप गेल्यावर ती टोपी कासिल्दाने उचलली. हे बायकांचं काम नव्हे, असं बरेचजण पुटपुटले, पण पहिली भरलेली रापण ओढताना कुणाला पुटपुटायला सवड राहिली नाही. माझा भाऊ, तिचा नवरा, तुफानात बुडाला त्या दिवशीही ती वर उभीच होती.

मग लढाई आली. स्पेनचा राजा नको, असं आम्हीही ठरवलं. राजाकडे गलबतं होती, आमच्याकडे मासळीचा वास मारणाऱ्या होड्या. आमच्या होडीचा म्होरक्या, तांडेल सिरियाको याने कुठूनशी एक छोटी तोफ आणली आणि होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, दोरखंडांनी आवळली. पहिला बार काढला तशी होडी कलंडली आणि आम्ही सगळे पाण्यात. काय आमचं आरमार! मग होडीच्या तळाशी दगड भरून तोल साधला. तोफेपाशी कोण बसणार म्हणताच कासिल्दाचा एकुलता एक ब्रूनो पुढे झाला.

"तू नाही," ती म्हणाली.

"का? माझे हात काय लोण्याचे आहेत?"

"तुझ्या बापाला समुद्राने खाल्लं. आता तुलाही वाढून ठेवू त्याच्या ताटात?"

"आई, इथे प्रत्येकाला आई आहे."

कसाव्याची भाकरी तिने तव्यावर अशी आपटली की तिचे तुकडे झाले.

दोनच दिवसांनी, सकाळी वारा पडला आणि राजाचं एक गलबत आमच्या खाडीबाहेर अडकलं. त्यात तोफांची दारू होती. ती हाती लागली तर आम्ही टिकणार होतो. वारा सुटला तर तीच दारू तोफांतून आमच्या घरांवर पडणार होती. गलबताच्या मागच्या बाजूला तोफा नव्हत्या. पण तिथवरची वाट पाण्याखालच्या खडकांतून जाई, आणि प्रवाहात गलबतही हळूहळू फिरत होतं. हे सगळं फक्त वरून दिसे. तोफेवर जाळी पसरून आम्ही निघालो. गलबतावरच्यांना वाटलं असेल, कोळी चाललेत.

टोपी डावीकडे. टोपी उजवीकडे. पुन्हा डावीकडे. गलबतावरची माणसं ओळखू येतील इतके आम्ही जवळ गेलो, आणि कासिल्दा खाली बसली.

सिरियाकोने सुकाणू फिरवलं. सवयच ती. ब्रूनो दात-ओठ खात राहिला. किनाऱ्याला लागताच आम्ही धावत टेकडी चढलो.

"काय दिसलं, वहिनी? दुसरं गलबत?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"हा दिसला." तिने ब्रूनोकडे बोट केलं. "तोफेपुढे नुसतं याचं डोकं. दुसरं काही दिसेनाच मला."

असं कधी झालं नव्हतं. टेकडीवर कुणी खोटं बसलं नव्हतं. सिरियाकोने टोपीसाठी हात पुढे केला. तिने ती काढून दिली. बाहेर गलबताची शिडं तशीच लोंबत होती, पण पाण्यावर कुठेकुठे बारीक सुरकुत्या उठू लागल्या होत्या. वारा यायला फार वेळ नव्हता. आणि ते खडक तिच्याशिवाय कुणाला पाठ होते?

ब्रूनोने तांडेलाच्या हातातून टोपी घेतली आणि आईच्या डोक्यावर ठेवली.

"आम्ही परत जातोय. उभी राहा."

"मला नाही जमायचं रे."

"तुला बसताच कुठे येतं? आजच तेवढी बसलीस!"

ती रडता रडता हसली आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

आम्ही पुन्हा निघालो. या खेपेला गलबतावरचे सावध होते, बंदुका घेऊन कठड्याशी उभे होते. पण टोपीने आम्हाला नेमकं मागच्या बाजूला नेलं. ब्रूनोने बार काढला, गलबताचं सुकाणू फुटलं. दुसरा बार भरायला तो उठला आणि गोळी त्याच्या गळ्यात घुसली. माझ्या मांडीवर पडला तो. मला काही सुचेना. मी वर पाहिलं.

टोपी हलत होती. उजवीकडे, उजवीकडे, मग गोल. आमची होडी गलबताला भिडली, माणसं दोर धरून वर चढली, गलबत आमचं झालं. तरी टोपी थांबली नाही. वारा सुटला होता, आणि सुकाणू फुटलेलं ते धूड गावातल्या सगळ्या होड्यांनी ओढत खडकांतून खाडीत आणायचं होतं. ते तिने आणवलं, एकही खडक लागू न देता.

तिला सांगायला कुणी जाईना. दीर म्हणून मीच गेलो. ती तिथेच उभी होती, टोपी छातीशी धरून. मी तोंड उघडलं.

"राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. "तुमच्या आधी मी पाहिलं."