आठवा ठिपका

सांगा, विश्वास कोणावर ठेवायचा? सर्टिफिकेट दाखवणाऱ्या माणसावर, की तोंड न उघडणाऱ्या मशीनवर? सिल्वासात हेक्झेनसारखी सॉल्व्हंट विकायला बसलो तेव्हा मी माणसावर ठेवायचो. नव्वदच्या आसपास भालेराव सर भेटले आणि माझा गोंधळ वाढला. त्यांचे किस्से माझ्याकडे रिकाम्या ड्रमसारखे साठलेत. कोणी नेत नाही, टाकवत नाहीत.

भालेराव रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. बायको-मुलगी नाशिकला, हे इथे एका खोलीत. पीएचडी झाली की नाशिकच्या कॉलेजात जागा पक्की! म्हणून सुट्टीच्या दिवशी ते कारखान्याच्या गॅस क्रोमॅटोग्राफवर बसायचे. त्यात वाफ एका बारीक नळीतून सोडतात. ती किती वेळाने बाहेर पडते, ते पेन कागदावर डोंगर काढून दाखवतं.

*

पहिल्याच भेटीत विचारलं, "सर, तपासता काय?"

"मीठ."

"मग माझं हेक्झेन कशाला?"

"खायचं मीठ नाही हो शेठ! हे कोमट केलं की तेलासारखं वाहतं. नळीतल्या भुकटीला त्याचा थर देतो. लोक अनोळखी वाफ ओळखीच्या नळीतून सोडतात. मी ओळखीची वाफ अनोळखी नळीतून सोडतो. ती किती रेंगाळते, त्यावरून मिठाचा पृष्ठभाग कसा आहे ते कळतं."

"म्हणजे मी दुकानात रोज करतो तेच! माल ओळखीचा, गिऱ्हाईक अनोळखी. भाव ऐकून किती रेंगाळतो, त्यावरून माणूस कळतो!"

सर म्हणाले, "हे माझ्या गाइडला सांगू नका. डिग्री तुम्हाला देतील!"

*

एकदा कारखान्याचे मालक अचानक आले. "भालेरावभाई, आपल्या रंगाला याचा फायदा काय?"

"काहीच नाही, साहेब."

मालक गार! मग म्हणाले, "इतकं खरं माझ्याकडे कोणी बोलत नाही. वापरा मशीन!"

*

जाड-पातळ थरांच्या आठ नळ्या करायच्या होत्या. आठ नळ्यांचे आठ ठिपके आलेखावर एका रेषेत आले की काम फत्ते. पण नळीत भुकटी घट्ट बसायला हवी आणि व्हायब्रेटर नव्हता. ऑपरेटर दिलीप धुळ्याचा. म्हणाला, "सर, माझी स्कूटर हाय ना भो!" नळी स्कूटरला बांधून पठ्ठ्या खानवेलला जाऊन आला. उतरवून बघतो तर भुकटी चांगली दोन इंच खाली बसलेली!

सर ओरडले, "दिलीप, रस्ता दुरुस्त व्हायच्या आत आठही नळ्या भरून घे!"

*

दिलीपला सर समजावत होते. "अल्कोहोल थरात विरघळतं, म्हणजे थेट घरात शिरतं. हेक्झेन नुसतं वरवर चिकटतं. ओट्यावर टेकतं आणि निघतं."

"तुमच्यासारखंच की, सर! महिन्यातून एकदा घरी जाता, अन् बॅग उघडायच्या आत परत!"

मी हसलो. दिलीप हसला. सर मशीनकडे बघत राहिले. पेन सरळ रेघ ओढत होतं.

*

सात ठिपके एका रेषेत आले. आठवा भलतीकडेच! नळी पुन्हा भरली, पुन्हा तिथेच. गाइडचं पत्र आलं: आठवा ठिपका गाळा, याच महिन्यात प्रबंध द्या, कॉलेज जूनपुढे थांबणार नाही.

माझ्या मालाला कोणी अशुद्ध म्हटलं तर मी भांडायला उठतो. पण त्या रविवारी परत आलेल्या मालाची वही काढली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: 'हेक्झेन, एक बाटली, भेसळ निघाली.' मुलीच्या फोनसाठी सर दर रविवारी दुकानात यायचे. आल्याआल्या वही पुढे सरकवली.

"घ्या पुरावा! दोष बाटलीचा. ठिपका गाळा आणि घरी जा."

सरांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. एवढ्यात फोन वाजला. पोरीचा आवाज काउंटरच्या अलीकडे मलाही ऐकू आला.

"बाबा, जूनपासून शाळेत सोडायला तू येणार ना?"

सरांचं बोट अजून त्या ओळीवर होतं.

"या जूनला नाही ग, राणी."

त्यांनी रिसीव्हर ठेवला. मग माझ्याच खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं.

"शेठ, बाटली मी कालच तपासली. तुमचं हेक्झेन स्वच्छ आहे. ही ओळ खोडा. वही खरी ठेवा."