अमरचंदशेठची सवड

नंदुरबारच्या बाजारात बातमी पसरायला वेळ लागत नाही. पण अमरचंदशेठ कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागले, ही बातमी पहिल्यांदा कोणी खरीच मानली नाही. सिमेंट-सळईचं दुकान आणि गोदामं-शेड बांधायची ठेकेदारी यात ज्यांचा उभा जन्म गेला, ज्यांनी मोबाइलवर कधी साधा फोटो काढला नाही, ते शेठ पोराटोरांच्या शेजारी बसून माऊस हलवतात म्हटल्यावर लोकांनी तोंडात बोटं घातली. शेजारच्या किराणावाल्याने तर मुद्दाम क्लासच्या जिन्याखाली उभं राहून खात्री करून घेतली. शेठ चढत होते. गुडघ्यावर हात दाबून, पण चढत होते.

कारण होतं कोरीटचं गोदाम. कोरीटच्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली होती आणि तिचं मिरचीचं गोदाम बांधायचं काम शेठना मिळालं होतं. पाया भरून झाला, आणि मग कंपनीच्या इंजिनियरने वेळापत्रक मागितलं. शेठनी कागदावर एक ओळ लिहून दिली: होळीआधी गोदाम उभं, जबाबदार अमरचंद. कागद परत आला. कोणतं काम कोणत्या कामानंतर, कशाला किती दिवस, हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये पाहिजे, असा निरोप. मुलगा पारस पुण्याला नोकरीला. तो फोनवर म्हणाला, मी करून पाठवतो, त्यात काय आहे. शेठच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्याच्या बुटाला कधी सिमेंट लागलं नाही तो पुण्यात बसून माझ्या कामाचे दिवस ठरवणार? त्यापेक्षा मीच शिकतो.

शेठचा स्वभावच तसा. "मन्हाबिगर पान हालत नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मेहुण्याच्या लग्नात ते पंगतीतून उठून साइटवर गेले होते. पाहुण्यांकडे कधी मुक्काम केला नाही, बायकोला घेऊन कुठल्या तीर्थाला गेले नाहीत. सवड कुठं होती? आणि यात ढोंग अजिबात नव्हतं, हे सांगायलाच हवं. बढाया मारणाऱ्याला निदान आतून ठाऊक असतं की आपण बढाया मारतोय. शेठना तेही ठाऊक नव्हतं. आपण एक दिवस गेलो नाही तर सळई वाकडी बांधली जाईल, खडी भलतीकडे पडेल, मजूर झाडाखाली आडवे होतील, असं त्यांना मनापासून वाटायचं.

त्यांची बायको भूरीबाई. राजस्थानातून आलेल्या या घराच्या तीन पिढ्या नंदुरबारात गेल्या होत्या. मारवाडी आता लग्नकार्यापुरती उरली होती, नवराबायकोचं बोलणं-भांडणं सगळं अहिराणीत. गेल्या दिवाळीला ओट्यावर पणत्या लावताना भूरीबाई म्हणाल्या होत्या, "आयकतस का, दिवाना आजूबाजू रंगीत कडं दिखस माले."

"मोत्या व्हई," शेठ म्हणाले. "पिकू दे. कच्चा मोत्या काढतस नही. इतलं हातमधलं काम उरकू दे, मंग जाऊत."

मोतीबिंदू पिकू द्यायचा, हे तर सगळ्या आळीला ठाऊक. शेजारणीनेही तेच सांगितलं. तेव्हा हातातलं काम म्हणजे शहाद्याकडचं एक शेड होतं. ते उरकलं आणि कोरीटचं आलं. भूरीबाईंनी पुन्हा विषय काढला नाही. मात्र चहा ओतताना अधूनमधून धार बशीबाहेर जायची. "ध्यान कोठे ऱ्हास तुन्हं?" शेठ खेकसायचे. गाडीत शेजारी बसल्या की बोलताना त्या पूर्ण मान वळवून त्यांच्याकडे बघायच्या. "मन्हाकडे काय दखतीस, समोर दख," शेठ म्हणायचे. त्या हसून समोर बघायच्या.

क्लासमध्ये शिकवायला रिना नावाची मुलगी होती. धडगावकडच्या पावरा आदिवासी घरातली, डिप्लोमा करून आलेली, आवाज हळू पण शिकवणं ठाम. शेठ तिला मॅडम म्हणत आणि ती त्यांना काका. पहिल्या दिवशी शेठचा माऊस टेबलावरून खाली पडला, दुसऱ्या दिवशी त्यांनी भरलेलं सगळं पुसलं गेलं. पण माणूस चिवट होता. हळूहळू कोरीटचं गोदाम पडद्यावर उतरायला लागलं. एकेक काम म्हणजे एकेक आडवी पट्टी, आणि जे काम दुसऱ्या कामासाठी थांबतं ते त्याला बाणाने जोडायचं. काँक्रीट ओतल्यावर ते पक्कं होईपर्यंत नुसतं थांबायचं, तर त्या थांबण्यालाही सॉफ्टवेअरमध्ये जागा होती. हे शेठना फार आवडलं.

"बरोबर शे," ते म्हणाले. "काही कामं थांबूनच पक्की होतात. आमच्या घरी डोळ्याचं तसंच शे. मोत्या पिकायची वाट पाहतोय."

रिनाने मान वर केली. "दाखवलं का काका कोणाला?"

"दाखवू ना. इतलं गोदाम होऊ दे."

ती पुन्हा पडद्याकडे वळली. वयाने मोठ्या माणसाला किती सांगणार?

शेठनी आपल्या यादीत एक गोष्ट मन लावून भरली होती. प्रत्येक कामानंतर एक पट्टी: 'शेठची पाहणी'. पायानंतर पाहणी, कॉलमनंतर पाहणी, पत्रे चढले की पाहणी. रिना पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काका, ह्या पाहणीपासून पुढं बाणच नाहीत. पाहणी झाल्याशिवाय पुढचं कोणतं काम अडतं?"

"सगळंच!"

"मग जोडा. पण खरं असेल तरच जोडा. जोडणी खोटी केली तर तारीख पण खोटी येते."

शेठ व्यापारी होते. भावात घासाघीस करतील, पण खोटी नोंद त्यांच्या हातून कधी झाली नव्हती. माऊस हातात धरून त्यांनी पायाचा दिवस आठवला. सकाळी ते जैन स्थानकात सामायिकाला, म्हणजे घटकाभर ध्यानाला, बसले होते. कोरीटला पोचले तेव्हा जामसिंग मिस्त्रीने कॉलमच्या सळया बांधायला घेतल्या होत्या. आपण पाया पाहिला, मान हलवली, चहा मागवला. मग शहाद्याचं शेड आठवलं. तिथंही पोचेपर्यंत पुढचं काम लागलेलंच होतं. आणखी मागची कामं आठवत गेले. एकही बाण जोडता येईना.

रिनाने एक बटण दाबलं. काही पट्ट्या लाल झाल्या. "ह्यातली एक जरी लांबली तरी गोदाम लांबणार," ती म्हणाली. लाल पट्ट्यांची साखळी पायापासून पत्र्यांपर्यंत गेली होती. खोदणारे त्यात होते, सळई बांधणारे होते, पत्रे चढवणारे होते. शेठच्या पट्ट्या सगळ्या निळ्या. प्रत्येकीच्या पुढं एक बारीक रेघ, थेट शेवटच्या दिवसापर्यंत गेलेली.

"ही रेघ कसली?"

"सवड, काका. हे काम केव्हाही झालं तरी चालतं."

"आणि झालंच नाही तर?"

शेठच पुढं म्हणाले, "काढून टाका. सगळ्या पाहण्या काढा. मग बघा कसं बोंबलतं ते."

तिने पट्ट्या पुसल्या. गोदाम पुरं होण्याची तारीख कोपऱ्यात दिसत होती. ती जशीच्या तशी राहिली. एक दिवसही इकडचा तिकडं झाला नाही.

"मशीन चुकलं. पुन्हा करा."

पुन्हा केलं. तारीख तीच. शेजारच्या पोराने त्यांना पाणी दिलं ते त्यांनी घेतलं, पण प्यायचं राहूनच गेलं. जन्मभर ज्या खांबावर आपलं छप्पर उभं आहे म्हणून आपण मिरवलं, तो खांब छपराला टेकलेलाच नव्हता, असं कोणी दाखवून दिलं तर माणसाचं काय व्हावं? शेठ जिना उतरले आणि आपली गाडी कुठं लावली हेच त्यांना आठवेना.

तरी पीळ जात नाही. त्यांनी मनाशी ठरवलं, मशीनला खोटं पाडायचं. दुसऱ्या दिवशी ते कोरीटला गेले नाहीत. फोनही केला नाही. दुकानात गादीवर बसून राहिले, फोन समोर ठेवून. आता येईल, आता जामसिंग बोंब मारेल. त्याच्या पुढच्या दिवशीही गेले नाहीत. गिऱ्हाइकाला सळईऐवजी पत्र्याचा भाव सांगितला. संध्याकाळी एकदाचा फोन वाजला आणि शेठनी झडप घातली.

"शेठ, तब्येत बरी शे ना?" जामसिंगचा आवाज काळजीचा होता. "काल बी दिखना नहीत, आज बी नहीत. म्हनीसन फोन कया."

"मन्ही तब्येत मरू दे. काम सांग. काय अडनं?"

"अडाले काय व्हयनं? कॉलम भराई गयात. पक्का व्हयनात का वरलं काम धरतस."

शेठनी फोन ठेवला. दुखावलेला माणूस कधीकधी रागाच्या भरात चांगलं काम करतो, तसं झालं. ते घरात गेले आणि फुरंगटून म्हणाले, "पारसनी माय, उद्या चाल. तुन्हा डोया दखाडी येऊत. माले आते सवडच सवड शे."

भूरीबाईंचं माहेर नवापूर. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंवर त्यांचा विश्वास, म्हणून नवापूरला गेले. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब टाकले, यंत्रापुढे हनुवटी ठेवायला लावली, ठिपके दाखवून बटण दाबायला सांगितलं. भूरीबाईंच्या हातून उजव्या डोळ्याला बटण दाबलंच गेलं नाही. मग त्यांना बाहेर बसवून बाईंनी शेठना आत बोलावलं.

"मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "उजवा डोळा गेलेला आहे. डावा औषधाने सांभाळता येईल. थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत."

शेठना नीट ऐकूच आलं नाही. "ऑपरेशन करा ना. मोठ्या दवाखान्यात नेतो. पुण्याला नेतो."

"कुठंही नेलंत तरी गेलेली नजर परत येत नाही, शेठजी. हा दुखत नाही, आतल्या आत खात जातो. दिव्याभोवती कडं दिसतं, असं कधी म्हणाल्या होत्या का?"

शेठनी मान हलवली. हो म्हणून.

"तेव्हा आणलं असतं तर," एवढं बोलून बाई थांबल्या. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. काँक्रीट थांबून पक्कं होतं, इथं वाट पाहण्यासारखं काही नव्हतंच. ज्या एका कामाला तसूभर सवड नव्हती ते शेठनी जन्मात कधी पट्टीवर घेतलं नव्हतं. ते खुर्चीवर बसून राहिले. एकदम सगळं दिसायला लागलं. बशीबाहेर गेलेला चहा. दाराच्या चौकटीवर आपटलेला खांदा. सूर्यास्ताआधी जेवणं उरकली की अंधार पडल्यावर भूरीबाई एका जागी बसून राहायच्या, हातात माळ धरून. बायको फार धार्मिक झाली, असं शेठ दुकानात कौतुकाने सांगत. ती बिचारी अंधारात उठायला घाबरत होती.

नवापूरहून परत निघाले. चिंचपाडा मागं पडलं. शेठना रडू आवरत नव्हतं आणि गाडीही चालवायची होती.

"तुले कमी दिखस, हाई तू माले सांगं काबरं नही?" शेवटी ते म्हणाले. ओरडायचं होतं, पण आवाज फुटला. "एकदा सांगं, मंग गप काबरं ऱ्हायनी? भांडनी काबरं नही?"

भूरीबाईंना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "मी भांडनू असतू तं तुमनं काम अडी जातं ना," त्या म्हणाल्या. "माले दवाखानामा लई फिरतात तं तठे कोन उभं ऱ्हातं? तुमनाबिगर पान हालत नही, तुम्हीच तं सांगतस."

शेठनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बाजारात त्यांच्या त्या वाक्याला सगळे हसायचे. पारस हसायचा, जामसिंगही पाठीमागं हसत असणार. अख्ख्या जगात एका माणसाने ते खरं मानलं होतं, आणि त्याची किंमत एका डोळ्याने मोजली होती.

"आज बी मन्हामुळे तुमना दिवस गया," भूरीबाई हळहळून म्हणाल्या. "तठे काहीतरी अडी गयं व्हई."

"काहीच अडनं नही, पारसनी माय," शेठ म्हणाले. "मन्हाबिगर तठे कधीच काही अडनं नही. माले कॉम्प्युटरमा दिखनं ते."

भूरीबाई हसल्या. अगदी मनमोकळं हसल्या. "कॉम्प्युटरले काय समजस! चला, गाडी काढा. माले घर उतारी द्या आनि तुम्ही सरळ कोरीटले जा. लोके वाट दखी ऱ्हायना व्हतीन."

बोलताना त्यांनी पूर्ण मान वळवली होती. शेठ त्यांच्या उजव्या हाताला, गेलेल्या डोळ्याच्या बाजूला बसले होते; मान वळवल्याशिवाय ते त्यांना दिसलेच नसते. "समोर दख" असं या वेळी शेठ म्हणाले नाहीत. त्यांचा फोन मधल्या खणात होता. सकाळपासून तो एकदाही वाजला नव्हता.